पातळ सालीचे बी

बांधावर चौघे उभे होते आणि पहिला शब्द आपला असावा असे चौघांपैकी एकालाही वाटत नव्हते.

समोरचे एकरभर वावर मधोमध एका चिंचोळ्या मोकळ्या पट्ट्याने दोन हिश्शांत वाटलेले होते. मावळतीकडच्या अर्ध्या एकरात सोयाबीनच्या ओळी या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत सलग गेल्या होत्या. पेरून अकरा दिवस झालेल्या पिकाने जसे दिसावे तसे ते दिसत होते. उगवतीकडच्या अर्ध्या एकरात मात्र ओळ सुरू व्हायची, हातभर चालायची आणि सांगता सांगता विसरलेल्या गोष्टीसारखी मध्येच थांबायची. पुढे दोन हात नुसती काळी माती. मग एखादे एकटे रोप, चुकून उगवल्यासारखे. आणि नेमक्या याच हिश्शाच्या तोंडाशी निळी पाटी रोवलेली होती : 'बीजप्रक्रिया आणि पानांवाटे खत'. पलीकडच्या भरल्या हिश्शाची पाटी पांढरी होती. तिच्यावर लिहिले होते, 'नेहमीची पद्धत'.

दीपमालाची नजर निळ्या पाटीवरून हलत नव्हती. पाटीवरची अक्षरे तिनेच रंगवली होती. भातकुली तालुक्यातल्या या निंबाळी गावात एका संस्थेने तिला कृषिसखी म्हणून नेमले होते, एक वर्षापुरते. गटातल्या बावीस बायांनी पुढच्या हंगामात बियाला औषध लावून पेरायचे कबूल केले तर नेमणूक पुढे चालणार होती; नाही तर दीपमाला पुन्हा निंदणाच्या रांगेत. शेतीदिनाला सगळ्या बाया वावर बघायला येणार होत्या, तेव्हा या अर्ध्या एकराने त्यांना पटवायचे होते.

तिच्या सासूबाई, दुर्गाबाई, उकिडव्या बसल्या. विळ्याच्या टोकाने त्यांनी एका मोकळ्या जागेतली माती उकरली. दोन बोटांच्या चिमटीत एक दाणा वर आला. फुगलेला, मऊ, बिनसालीचा. बोटांत धरताच त्याच्या दोन डाळी एकमेकींवरून घसरल्या. दुर्गाबाईंनी तो जवळ धरून पाहिला आणि मूठ मिटली. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

दीपमालाने ते पाहिले. पाहिलेले दाखवले नाही.

"पाणी जास्त झालं असंल," शेवटी रोहित म्हणाला. तो संस्थेचा माणूस, अमरावतीहून मोटारसायकलने यायचा. पंधरा गावे त्याच्याकडे होती आणि पंधराही गावांची माती त्याच्या बुटांवर असायची.

"पानी काय पाटी वाचून पडते का भाऊ?" धम्मदीप म्हणाला. तो दीपमालाचा नवरा. बडनेऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमालांच्या टोळीचा मुकादम. आज सुट्टी टाकून आला होता. "त्या अंगाले पडलं थेच या अंगाले पडलं."

यावर कुणी हसले नाही. धम्मदीपलाही ते हसण्यासारखे वाटले नसावे.

रोहित परत निघाला तेव्हा दीपमाला त्याच्या गाडीपर्यंत गेली. किल्ली लावून तो थांबला. घसा खाकरला.

"ताई, एक बोलू? रागावू नका. शेतीदिनाला अजून दोन महिने आहेत. तुमच्या घरच्यांशिवाय हे वावर कोणी नीट पाहिलं नाही. पाट्या... म्हणजे निळी तिकडं, पांढरी इकडं. फवारणी तेवढी तिकडच्या अंगाला करायची. औषधाचा गुण खोटा नाही ना? मग त्यात पाप कुठं आलं?"

दीपमालाने हँडलला अडकवलेल्या त्याच्या डब्याकडे पाहिले. डबा तसाच भरलेला होता. दुपार झाली तरी त्याने उघडला नव्हता.

"मंग इथं बी काहून मेलं, हे कोनाले समजनच नाही, सर," ती म्हणाली.

"तुम्हाला समजलं का?"

तिला समजले होते.

बियाला औषध लावण्याची सकाळ तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. अंगणात चादर अंथरली होती. गटातली करिश्मा बियाची थैली फोडून द्यायला आली होती. निम्मे बी तसेच बाजूला ठेवून उरलेल्यावर दीपमालाने आधी बुरशीचे लाल औषध हलक्या हाताने फिरवले होते. त्यानंतर रायझोबियमची काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून लावायची होती. भुकटीतले जिवंत जिवाणू मुळांना गाठी धरायला मदत करतात, हे प्रशिक्षणात शिकवले होते. आणि सोयाबीनचे बी चोळू नये, नुसते लोळवावे, हेही शिकवले होते. तेवढ्यात पाट्या घेऊन टेम्पो आला आणि त्या वावरात उतरवून घ्यायला ती करिश्माला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आत्याबाई, एवढं लावून ठेवता का?"

एवढेच म्हणाली. कसे लावायचे ते म्हणाली नाही.

दुर्गाबाईंना कसे लावायचे हे सांगणे म्हणजे गावातल्या कुणाच्याही मते वेडेपणा झाला असता. तीस वर्षे निंबाळीतली सरकी त्यांच्या तळव्यांखालून गेली होती. कपाशीचे बी तंतूंनी एकमेकांना चिकटते, पेरायच्या सरत्याच्या नळीतून सुटे खाली पडत नाही. म्हणून ते बाजेच्या सुतळीवर शेणात आणि राखेत चोळचोळून, अंगाचा जोर घालून, मोत्यासारखे सुटे करायचे. पेरणीच्या आधी घराघरांतून बोलावणे यायचे. पुढे कंपन्यांची तयार पाकिटे आली आणि बोलावणी थांबली. पण हात विसरले नव्हते.

दीपमाला परत आली तेव्हा दुर्गाबाई घामाने चिंब होत्या आणि वीस वर्षांनी लहान दिसत होत्या. बी काळेभोर, चकचकीत झाले होते. "पाह्य," त्या म्हणाल्या, "एक दाना कोरडा नाही." चादरीच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी बारीक सालपटे वाऱ्याने गोळा झाली होती. दीपमालाने ती पाहिली. दारात पेरणीचा ट्रॅक्टर घरघरत उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आभाळ उतरून आले होते. आणि म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न पाहिलेले काहीतरी होते. दीपमालाने चादरीची चार टोके उचलली आणि बी घमेल्यात ओतले.

गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले.

पिठाच्या चक्कीवर कौशल्या भेटली. गटाची अध्यक्ष, आवाज असा की चक्कीचा पट्टा चालू असतानाही ऐकू यावा. "काय वो दीपमाला, औषधानं बी जळलं म्हन्तेत?"

"जळलं नाही, काकू."

"मंग गेलं कुठी? वरूडले संत्री पाह्याले गेलं का?"

चक्कीतल्या बाया हसल्या. एकीने म्हटले, "आता हिच्या घरचा चहा प्याचा का नाही, विचार करा लागन. त्यातही चिमूटभर टाकत असंल." दीपमालाही हसली, न हसणे अधिक महाग पडले असते. पिठाचा डबा डोक्यावर घेताना तिच्या मानेत एक शीर तट्ट ताणली गेली आणि घरापर्यंत तशीच राहिली.

घरी येऊन तिने नांगे, म्हणजे ओळींतल्या मोकळ्या जागा, भरायचे ठरवले. थैलीतले चार किलो बी उरले होते. ते तिने एका तोंड मोठे असलेल्या मडक्यात घातले, औषध घातले आणि मडके मांडीवर आडवे धरून पाळण्यासारखे हळूहळू फिरवू लागली. दुर्गाबाई उंबऱ्यात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांची पाठ तिच्याकडे होती. मडक्यातले दाणे सळसळत होते.

"एवढ्यानं लागते का?" दुर्गाबाईंनी मागे न वळता विचारले.

"लागते."

"हं."

त्या 'हं'च्या पुढे काहीतरी येईल म्हणून दीपमाला थांबली. अंबाडीची देठे एकामागून एक तुटत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सूर्य वर यायच्या आत दुर्गाबाई वावरात असायच्या. कुणी सांगितले नव्हते. कंबरेत वाकून, मोकळ्या जागी विळ्याने बोटभर खोल चीर पाडून, दोन दाणे टाकून पायाच्या अंगठ्याने माती लोटायची; एक पाऊल सरकायचे; पुन्हा वाकायचे. साठीतल्या देहाला हे वाकणे मोजून मिळत असते. दुपारी त्या धुऱ्यावरच्या निंबाखाली आडव्या होत तेव्हा पाठ जमिनीला टेकताना त्यांच्या तोंडून निघणारा आवाज दीपमाला दुरूनही ओळखायची. तीन दिवसांत बी संपले. निम्मे नांगे भरले, निम्मे राहिले. मग झड लागली आणि वावरात पाय घालता येईना.

झड आठ दिवस चालली. या खारपाण पट्ट्यातली काळी माती पाणी धरते आणि सोडत नाही. खाली मीठ, वर चिखल. आभाळ उघडले तेव्हा दीपमाला चपला हातात घेऊन वावरात शिरली. मावळतीकडच्या भरल्या हिश्शात झाडे जागोजाग पिवळी पडून माना टाकत होती. एक उपटून पाहिले तर मूळ काळे, कुजलेले. साल बोटाला लागून निघून आली. उगवतीकडच्या विरळ हिश्शात जी झाडे होती, ती उभी होती. तिने चार उपटली. चारही मुळे पांढरी होती आणि त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली. आतून ती गुलाबी निघाली.

तिला आनंद झाला, पण तो कुणाला सांगावा असा नव्हता. औषध खरे ठरत होते. आणि जितके ते खरे ठरत होते, तितका तो दुसरा प्रश्न, बी का मेले, एकटा आणि उघडा पडत होता.

पहिल्या फवारणीच्या दिवशी पाण्याचा घोळ झाला. पानांवरून द्यायचे खत तिने आधी काचेच्या ग्लासात बोअरच्या पाण्यात विरघळवून पाहिले. पाणी फाटलेल्या दुधासारखे झाले आणि तळाशी पांढरा साका बसला.

"आपलं पानी मुलखाचं खारं," धम्मदीप म्हणाला. "त्याच्यात माणूस टाकला तं त्याचंही लोणचं होईन."

गोडे पाणी जवळात जवळ भगवंतरावांच्या शेततळ्यात होते, पाऊण कोसावर. भगवंतराव नाही म्हणाले नाहीत. हो म्हणायला मात्र त्यांनी दीपमालाला आणि दुर्गाबाईंना अंगणात बराच वेळ उभे ठेवले आणि तेवढ्या वेळात बैलांना पेंड घालून घेतली. शेवटी म्हणाले, "न्या. पन तयात पोहरा बुडवू नका, पाइपानं घ्या."

पोहरा बुडवू नका, हे वाक्य दुर्गाबाईंनी मान न हलवता ऐकले. बैलगाडीवर दोन ड्रम ठेवून त्या स्वतः पाइप धरून बसल्या. गाडी परत येताना ड्रममधले पाणी दचकत होते आणि त्यांच्या लुगड्यावर सांडत होते. त्या बाजूला सरकल्या नाहीत.

ऊन उतरल्यावर दीपमालाने वीस लिटरचा पंप पाठीवर घेतला. दुर्गाबाईंनी आपले जुने पातळ चौपदरी करून तिच्या खांद्यावर, पट्ट्याच्या खाली, ठेवला. तोंडाला रुमाल बांधून ती ओळीत शिरली. तुषार पानांवर पडत होते, पानांवरची बारीक लव त्यांना क्षणभर तोलून धरत होती आणि मग पान ओले, गडद व्हायचे. अर्ध्या एकराला सहा पंप लागले. चौथ्या पंपाला तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या.

"पानाले का तोंड असते वो?" पंप भरताना दुर्गाबाईंनी विचारले.

"असते. बारीक बारीक. सकायी-संध्याकायी उघडते."

"आन् मुळं काय करतेत मंग?"

"मुळं खाऱ्यात अडकून हायेत, आत्याबाई. हगवन लागलेल्या लेकराले भाकर नाही चालत, तं चमच्यानं साखर-मिठाचं पानी पाजतो नं आपन, तसं हे."

दुर्गाबाई त्या विरळ झाडांकडे बघत राहिल्या. "पाज," त्या म्हणाल्या, "लेकरू थोडं हाये, पोटभर पाज."

दुसरी फवारणी शेंगा धरताना झाली. विरळ पिकाला मोकळी जागा होती, हवा होती, आणि आता अन्न होते. झाडांनी दोन्ही अंगांनी फांद्या टाकल्या. ज्या जागी माती दिसत होती तिथे आता पाने एकमेकांना भेटू लागली. सगळीकडे नाही. उशिरा लावलेली रोपे खुजी राहिली, आणि चार-पाच मोठी टकले शेवटपर्यंत तशीच होती. धुऱ्यावर उभे राहिले की आधी ती दिसत.

शेतीदिनाच्या आदल्या दिवशी दुपारी दीपमाला सासूबाईंजवळ जाऊन बसली. दुर्गाबाई चुलीपुढची राख काढत होत्या.

"आत्याबाई, उद्या बाया विचारतीन."

"विचारू दे."

"मी काय सांगू?"

"शिकलेली तू हायेस. मी सांगू का तुले?" दुर्गाबाईंनी राख घमेल्यात भरली. मग हात थांबवून, राखेशीच बोलावे तशा म्हणाल्या, "पाटलाच्या घरी सरकी चोळाले जावो मी. बाज अंगनात, ढोराच्या दावनीपाशी. पानी मांगतलं का पाटलीन वरून ओतत होती, ओंजळीत. तुया सासरा, मोतीराम, म्हने, काहून जाते? त्याले म्हनो, पानी वरून ओततेत, पन बी मायाच हातचं पेरतेत. पंजाबराव पाटील तं पेरनीच्या आधी इचारे, हे दुर्गीच्या हातचं हाये नं? मंगच तिफन जुंपे." त्यांनी घमेले उचलले. "एक दाना वाया नाही गेला कोनाचा. तीस वर्सं."

त्या उकिरड्याकडे गेल्या. दीपमाला चुलीपुढे बसून राहिली. त्यांनी कबूल केले होते की काही कबूल करू नकोस असे सांगितले होते, ते तिला ठरवता येईना. संध्याकाळपर्यंत तिने एक वाक्य तयार केले आणि पाठ केले : घाईत चूक झाली, ती आमची होती. त्या वाक्यात कुणाचेही नाव नव्हते.

शेतीदिनाला गटातल्या सगळ्या बाया आल्या. धम्मदीपने निंबाखाली सतरंजी टाकली होती, दुर्गाबाई चहाचे पातेले सांभाळत होत्या. अकोल्याहून एक वयस्क शास्त्रज्ञ आले होते. डोक्याला रुमाल बांधलेले, कमी बोलणारे. त्यांनी भाषण केले नाही. दोन्ही हिश्शांतून एकेक झाड उपटून आणले आणि कौशल्याच्या हातात दिले. "शेंगा मोजा बाई."

कौशल्याने पांढऱ्या पाटीकडचे झाड मोठ्याने मोजले. एकतीस. मग निळ्या पाटीकडचे घेतले. पन्नास झाले, साठ झाले, बाया पुढे सरकल्या. चौऱ्याहत्तरावर तिने झाड करिश्माच्या मांडीवर टाकले. "पुढचं तू मोज बाई, मायं बोट दुखलं."

हशा झाला. शास्त्रज्ञांनी दोन्ही मुळे शेजारी शेजारी धरून दाखवली, एक काळे, एक पांढरे. गाठी हाताळून बायांनी एकमेकींकडे पाहिले. दीपमालाच्या छातीवरचे काहीतरी सैल होऊ लागले होते.

"झाड चांगलं हाये, नाही म्हनत नाही मी," कौशल्या उभी राहिली. "पन मंग वावराले हे टक्कल काहून पडलं? औषध लावल्यावर झाड जोरात येते, आन् अर्धे येतच नाही, असं का? माया दोन एकरात असं झालं तं मी खाऊ काय, शेंगा मोजू का?"

"त्याचं असं आहे," रोहित घाईने म्हणाला, "तिकडच्या हिश्शाचं बियाणं थोडं सदोष निघालं."

करिश्माने झाडावरून मान वर केली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरेच कळत नव्हते. "पन सर, दोनी अंगाले एकाच थैलीतलं बी होतं नं? थैली मीच फोडली होती."

रोहितने मान खाली घातली. शास्त्रज्ञ दीपमालाकडे वळले. "काय झालं होतं ताई?"

तिने पाठ केलेले वाक्य शोधले. पातेल्याशी बसलेल्या दुर्गाबाई तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होत्या. वाक्य आले, पण वेगळेच.

"बी चोळल्यानं मेलं. सोयाबीनचं साल पातळ असते. मी... मी जोरानं चोळलं."

"तू चोळलं!" कौशल्याने कपाळावर हात मारून घेतला. "तरीच वो! अवो, घरात दुर्गामाय असताना तू कायले हात घातला? गावाची सरकी तिच्या हाताखालून गेली, आन् सून पुस्तक वाचून बी चोळते!" आता सगळ्याच हसत होत्या, मोकळ्या, सुटल्यासारख्या, कोडे सुटले होते आणि कुणाचे वाईट झाले नव्हते. "मी तं आजच सांगून ठेवतो, दुर्गामाय. येत्या सालाले मायं बी तुमीच चोळान. औषध हे पोरगी टाकन, हात तुमचा."

"मायंही," मागून कुणी म्हणाले.

"माया घरचे दोन कट्टे."

"आमाले विसरू नका, दुर्गामाय."

दीपमालाने दुर्गाबाईंकडे पाहिले. त्यांची पाठ सरळ झाली होती. इतक्या जणी एका दमात त्यांना किती वर्षांनी हाक मारत होत्या. चहाच्या वाफेआड त्यांचा चेहरा उजळला होता आणि ओठ किंचित उघडे होते. आता त्या नाही म्हणतील, असे दीपमालाला वाटले. ती थांबली. जितके थांबता येईल तितके थांबली. दुर्गाबाईंनी पदर सारखा केला आणि पातेल्यात बघितले.

बावीस घरे. प्रत्येक घराचे राखलेले बी. ते चकचकीत काळे होऊन मातीत जाईल, आणि अकरा दिवसांनी बावीस धुऱ्यांवर माणसे न बोलता उभी राहतील.

"नाही," दीपमाला म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी खोटं बोलली. बी मी नाही चोळलं. आत्याबाईनं चोळलं. सरकी चोळतेत तसं. सरकीले चालते, तिचं साल कठीन असते. सोयाबीनचं साल सुटलं का बी मातीत सडते. औषधानं नाही मेलं." तिने श्वास घेतला. "आन् त्याइले कोनी सांगतलं नोयतं. सांगाचं काम मायं होतं. मी पाट्या उतरवाले गेली. परत आली तं चादरीवर सालपटं पडून होते, पाह्यले मी. ट्रॅक्टर दारात होता. गप्प राह्यली."

कुणी हसले नाही. कौशल्या उभीच होती. आपल्या हातांचे काय करावे ते तिला सुचेना, म्हणून ती खाली बसली. धम्मदीप सतरंजीच्या टोकाची घडी सारखी करत होता आणि ती सारखीच होती.

शास्त्रज्ञ वहीत काही लिहून घेत होते. "मग कसं लावायचं ते दाखवा," ते शांतपणे म्हणाले.

मडके, औषध आणि करिश्माच्या घरचे किलोभर बी तिने दाखवण्यासाठी आणून ठेवले होते. तिने दाखवले. बी मडक्यात, आधी बुरशीचे औषध, शेवटी जिवाणूंची भुकटी, पाणी नुसते ओल येण्यापुरते, आणि पाळण्यासारखे फिरवणे. बायांनी ओला दाणा तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून पाहिला आणि साल सुटताना पाहिले. करिश्मा म्हणाली, "बाप्पा, एवढं नाजूक?" कौशल्याने मडके स्वतः मांडीवर घेतले. चार वेळा फिरवल्यावर ती रोहितला म्हणाली, "लिहून घ्या, आमी लावू. बावीसच्या बावीस. पन पह्यल्या दिवशी हे पोरगी हरेक घरी आली पायजे." रोहितने लिहून घेतले.

चहा झाला. जाताना कौशल्या पातेल्यापाशी थांबली. "आमाले तरी कुठी माहीत होतं, दुर्गामाय? आमीही तसंच चोळलं असतं."

"चहात साखर बरोबर होती का?" दुर्गाबाईंनी विचारले.

"हो, होती नं," कौशल्या म्हणाली आणि आणखी काही न सुचून निघाली.

गाड्या गेल्या, बाया पांगल्या. धम्मदीप सतरंजी खांद्यावर टाकून पुढे झाला. दुर्गाबाई रिकामे ग्लास एकेक करून बादलीत ठेवत होत्या. दीपमाला त्यांच्यासमोर बसली. तीही ग्लास उचलू लागली. दुर्गाबाईंनी तिच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि बादलीत ठेवला.

"तुमी नुसतं नाही म्हनलं असतं, आत्याबाई, तं मले बोला लागलं नसतं."

ग्लास वाजला. शेवटचा होता.

"येत्या सालाले बी लावताना माया संग बसान नं? सगळ्या घरी जाऊ. तुमी अन् मी."

दुर्गाबाईंनी बादली कमरेवर घेतली. त्यांनी पदर खोचला आणि धुऱ्याने घराकडे चालू लागल्या. वाटेत सोयाबीनची एक फांदी धुऱ्यावर आडवी आली होती. ती त्यांनी पायाने अलगद बाजूला केली, आणि पुढे गेल्या.